डीजेच्या भिंतीपुढे दोन तास

भाद्रपद लागला की दैनिकांच्या पत्रव्यवहाराच्या सदरात एक ठराविक पत्र दरवर्षी येते. पत्रलेखक बहुधा सेवानिवृत्त असतो. डीजेने घराच्या काचा थरथरल्या, शेजारच्या रुग्णाला त्रास झाला, तक्रार करूनही कोणी दखल घेतली नाही आणि एकंदरीत नवी पिढी बिघडली, असा त्याचा चार कलमी मजकूर असतो. प्रस्तुत लेखकाने असे पत्र एकदा नव्हे, तीनदा लिहिले आहे. तिसरे पत्र छापून आले, त्याच दिवशी एका माजी विद्यार्थ्याने भर बाजारात गाठले आणि विचारले, “सर, तुम्ही डीजेवर लिहिता ते वाचलं. पण तुम्ही कधी डीजेम्होरं उभे राहिले काय?”

या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. ज्या पुस्तकाचे पानही उलटलेले नाही त्याचे परीक्षण लिहिणाऱ्याला आपण वर्गात हसतो. मी त्याहून वेगळे काय केले होते? आवाज मी ऐकला होता तो खिडक्या लावून, कपाळाला आठ्या घालून, घरातून. तो जिथून निघतो आणि ज्यांच्यासाठी निघतो, त्या जागी मी कधी गेलो नव्हतो. प्रश्न विचारणारा हा विद्यार्थी स्वतःच डीजेची गाडी चालवितो. “या अनंत चतुर्दशीला या,” तो म्हणाला, “अन् मंग लिहा.” मी गेलो. त्या दोन तासांचा हा वृत्तान्त आणि त्यावरून सुचलेले काही विचार वाचकांपुढे ठेवीत आहे.

त्या रात्री

बुलढाणा जिल्ह्याचे घाटावरचा आणि घाटाखालचा असे दोन भाग आहेत. बोली, पाणी, पीक यांत दोहोंमध्ये थोडाफार फरक आढळतो; परंतु डीजेच्या बाबतीत जिल्हा एकसंध झाला आहे. चिखली-मेहकर असो की मलकापूर-नांदुरा, लग्नाची वरात, जयंती, विसर्जन, निवडणुकीचा विजय, यांपैकी एकही प्रसंग आता त्याच्यावाचून पार पडत नाही. मी गेलो ते घाटाखालचे एक तालुक्याचे गाव.

गाडी म्हणजे एक मालवाहू ट्रक. त्यावर काळ्या पेट्यांची भिंतच रचलेली. खालच्या रांगांत ‘बेस’चे मोठे कर्णे, वरच्या रांगेत ‘टॉप’चे लहान. मागे स्वतंत्र गाडीवर जनरेटर. या भिंतीच्या पाठीशी, एका फळीवर लॅपटॉप आणि मिक्सर मांडून माझा विद्यार्थी उभा होता. त्याने मला पाहताच हात जोडले आणि सांगितले, “सर, मांगं उभे राहा. म्होरं कानाले तरास होईन.” मी ऐकले नाही. पाहायला आलो होतो ते पुढूनच पाहायचे होते.

पहिला अर्धा तास ओळखीचा होता. चित्रपटातील गाणी, देवीची गाणी, कोळीगीते. सर्वांच्या खाली एकच ठोका घातलेला. गाणे बदलत होते, ठोका बदलत नव्हता. हळूहळू लक्षात आले की शब्द हे केवळ निमित्त आहे; पोरे शब्दांवर नाचत नाहीत, त्या ठोक्यावर नाचतात. नवाच्या सुमारास शब्दही गेले. स्वर गेले. उरला तो फक्त ठोका आणि त्याच्याभोवती लोखंड घासल्यासारखा, भट्टी पेटल्यासारखा एक खरखरता आवाज. मनगटावरचे घड्याळ धरून मी मोजले. पंधरा सेकंदांत अडतीस ठोके. म्हणजे मिनिटाला १५२. स्वस्थ बसलेल्या माणसाचे हृदय मिनिटाला साधारण सत्तर-बहात्तर वेळा पडते. धावणाऱ्याचे दीडशेच्या घरात जाते. म्हणजे उभ्या माणसाला धावण्याची आज्ञा देणारा हा ठोका होता.

तो आवाज मला कानांनी ऐकू येत नव्हता, बरगड्यांनी ऐकू येत होता. प्रत्येक ठोक्यासरशी सदऱ्याचे कापड हलत होते, खिशातले पेन थरथरत होते. पहिली दहा मिनिटे भीती वाटली. मग एक विलक्षण गोष्ट घडली. डोक्यातले विचार थांबले. निवृत्तिवेतनाचे अडलेले प्रकरण, घरची दुखणी, उद्याची कामे, यांतले काहीही आठवेना. आठवायला लागणारी जागाच त्या आवाजाने व्यापली होती. योगाभ्यासाच्या पुस्तकांत चित्तवृत्तींच्या निरोधाविषयी मी पुष्कळ वाचले आहे. तो निरोध मला अशा ठिकाणी आणि अशा मार्गाने अल्पकाळ का होईना भेटावा, हे कबूल करताना संकोच वाटतो, परंतु ते खरे आहे.

मग विद्यार्थ्याने ठोका काढून घेतला. नुसती एक शिट्टीसारखी रेघ वर वर चढू लागली. शेकडो हात वर गेले. ती रेघ टोकाला पोचली आणि तुटली. त्या अर्ध्या क्षणात संपूर्ण चौकात टाचणी पडली तरी ऐकू आली असती. पस्तीस वर्षे वर्गात शिकवून अशी शांतता मला एकदाही मिळविता आली नव्हती! आणि दुसऱ्या अर्ध्या क्षणाला तो ठोका दुप्पट जोराने परत आला, सारा चौक एकदम जमिनीवरून उचलला गेला, आणि माझा उजवा पाय माझी परवानगी न घेता ताल धरू लागला.

माझ्या शेजारी नाचणारा मुलगा ओळखीचा होता. दोनदा पोलिस भरतीला धावलेला आणि दोन्ही वेळा थोडक्यात राहिलेला. घरी चार एकर कोरडवाहू, सोयाबीनच्या भावाकडे डोळे लावून बसलेला बाप. वर्षभर मान खाली घालून चालणारा तो मुलगा त्या रात्री डोळे मिटून, मान वर करून नाचत होता. नवी पिढी बिघडली, असे मी तीन पत्रांत लिहिले होते. त्याच्या चेहऱ्याकडे पाहून ते वाक्य मला पुन्हा लिहिता आले नसते.

हे वादन आले कोठून?

मिरवणूक थबकली तेव्हा मी विद्यार्थ्याला विचारले की हे शेवटचे, शब्दावाचूनचे काय होते? “त्याले हार्ड टेक्नो म्हणतात सर. जर्मनीतल्या पोरांचं मोबाइलवर ऐकून शिकलो.” घरी आल्यावर या शब्दाचा माग घेतला, तेव्हा जी हकिकत हाती आली ती शिक्षकांनी व विद्यार्थ्यांनी जाणून घ्यावी अशी आहे.

टेक्नो संगीताचा जन्म अमेरिकेतील डेट्रॉइट या शहरी, १९८० नंतरच्या दशकात झाला. डेट्रॉइट म्हणजे मोटारींचे शहर. १९६७ च्या दंगलीनंतर सुस्थितीतील गोरी वस्ती उपनगरांकडे निघून गेली, कारखाने ओस पडू लागले, यंत्रमानवांनी कामगारांच्या जागा घेण्यास प्रारंभ केला. अशा काळात शहरालगतच्या बेलव्हिल गावच्या शाळेत एकत्र शिकलेल्या हुआन ॲटकिन्स, डेरिक मे आणि केव्हिन सॉन्डरसन या तीन कृष्णवर्णीय तरुणांनी विजेच्या वाद्यांवर हे वादन घडविले. जर्मनीतील क्राफ्टवर्क या वाद्यवृंदाचे यंत्रसंगीत त्यांनी ऐकले होते. जपानच्या रोलँड कंपनीने १९८० मध्ये ‘८०८’ आणि १९८३ मध्ये ‘९०९’ ही तालयंत्रे काढली होती. खऱ्या ढोलासारखा आवाज येत नाही म्हणून ती बाजारात फारशी चालली नाहीत, आणि जुन्या बाजारात स्वस्तात मिळू लागली. ज्यांना खरे ढोलवादक परवडत नव्हते, त्यांनी ती घेतली. कारखान्याने ज्यांना काढून टाकले, त्यांच्या मुलांनी कारखान्याचा ठोका नाचासाठी वापरला, असे याचे वर्णन करता येईल.

१९८९ च्या नोव्हेंबरात बर्लिनची भिंत पडली. पूर्व बर्लिनमधील ओस इमारतींत, तळघरांत या ठोक्याला घर मिळाले. १९९१ मध्ये एका जुन्या दुकानाच्या तिजोरीखान्यात ‘ट्रेझोर’ नावाचा नाचघर-क्लब निघाला. दोन्हीकडील जर्मन तरुण तेथे एकत्र नाचले. २०२४ मध्ये जर्मनीने बर्लिनच्या टेक्नो संस्कृतीला आपल्या राष्ट्रीय अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. ज्याला आपण गोंगाट म्हणतो त्याला दुसरा देश वारसा म्हणतो, हे निदान ध्यानात असावे. त्याच ठोक्याची आणखी वेगवान व कर्कश शाखा म्हणजे हार्ड टेक्नो.

आणि या कथेचा एक धागा आपल्या मुंबईतही आहे. चित्रपटसंगीतात वादक म्हणून आयुष्य घालविलेल्या चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये भैरव, यमन, मालकंस आदी दहा राग याच ‘८०८’ तालयंत्रावर आणि त्याच कंपनीच्या नव्या यंत्रांवर वाजवून एक ध्वनिमुद्रिका काढली. ती चालली नाही. वीस वर्षांनी एका डच संग्राहकाच्या हाती ती लागली, २०१० मध्ये पुन्हा निघाली, आणि पाश्चात्त्य जाणकार थक्क झाले. कारण पुढे शिकागोत जे वादन नवे म्हणून गाजले, त्याच्याशी तिचे आश्चर्यकारक साम्य होते. सिंग यांचे २०१५ मध्ये मुंबईत निधन झाले. तेव्हा हे संगीत परकीय आहे, आपल्या मातीत ते रुजणारच नाही, हा आक्षेप इतिहासापुढे टिकत नाही.

वाजविणाऱ्याची बाजू

विसर्जनानंतर चहाच्या टपरीवर विद्यार्थ्याने आपली हकिकत सांगितली. त्याचे आजोबा डफडे वाजवीत. लग्न कोणाचेही असो, डफड्यावाचून वरात हलत नसे. परंतु वाजविणाऱ्याला मांडवाबाहेर बसावे लागे आणि पंगती उठल्यावर उरलेले जेवण मिळे. वडिलांनी ते वाद्य खुंटीला टांगले ते कायमचे. “आता मी तेच काम करतो सर,” तो म्हणाला, “पण गाडीवर माझं नाव लाइटात आहे. नवरदेवाचा बाप मले खुर्ची देते.”

या वाक्यावर मी बराच वेळ विचार करीत राहिलो. वाद्याला जात चिकटविण्याचे आणि वाद्यावाचून अडल्यावरही वादकाला हीन लेखण्याचे पाप आपल्या समाजाने शतकानुशतके केले. ज्यांनी अशी गावकीची कामे स्वाभिमानाने सोडली, त्यांनी योग्यच केले. यंत्राला जात नसते. त्या फळीमागे उभ्या राहणाऱ्या मुलाला कोणी त्याच्या आजोबाचे काम विचारीत नाही. ‘आपली पारंपरिक वाद्ये परत आणा’ असा उपदेश करताना, ती वाद्ये ज्यांच्या खांद्यावर होती त्यांना आपण कोणत्या पंगतीला बसविले होते, हेही आठवले पाहिजे. ते न आठवता केलेला उपदेश ऐकण्यास हा मुलगा बांधलेला नाही.

दुसरी गोष्ट पोटाची. गाडी, पेट्या, जनरेटर, सारे कर्जावर. लग्नसराई आणि सणांचे मोजके दिवस, एवढाच हंगाम. त्यात समोरून दुसरी गाडी आली की दोन मंडळांत चढाओढ लागते आणि मंडळाचे कार्यकर्ते मागे येऊन आवाज वाढविण्यास सांगतात. आवाज न वाढविणाऱ्याला पुढच्या वर्षी सुपारी मिळत नाही. म्हणजे आवाजाचे बटण त्याच्या हाताखाली असले तरी ते त्याच्या हातात नाही.

कान आणि छाती

एवढे सर्व मान्य केल्यावरही दुसरी बाजू उरतेच, आणि ती प्रथम माझ्याच कानांनी मला सांगितली. त्या रात्री घरी आल्यापासून तीन दिवस कानांत रातकिडे ओरडत होते.

गाडीपुढे उभा असताना मोबाइलवरील मापकाने १०५ डेसिबलच्या आसपास आकडा दाखविला होता. मोबाइलचे माप प्रमाणित नसते, हे खरे. पण अंदाजाला ते पुरे. डेसिबलचे गणित बेरजेचे नसून पटीचे असते, हे विज्ञानाच्या शिक्षकांनी मुलांना आवर्जून सांगावे. दहा डेसिबल वाढले की ध्वनीची तीव्रता दहापट होते. साठ वाढले की दहा लाखपट. निवासी भागात रात्रीची कायदेशीर मर्यादा ४५ डेसिबल आहे. अमेरिकेच्या व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबलमध्ये माणसाने दिवसाला आठ तास, ८८ मध्ये चार तास काम करावे. प्रत्येक तीन डेसिबलला वेळ निम्मा होत जातो. १०० डेसिबलला पंधरा मिनिटे उरतात, १०५ ला पाच मिनिटांहूनही कमी. मी दोन तास उभा होतो. माझा विद्यार्थी आठ तास उभा होता, आणि हंगामात असे कित्येक दिवस उभा असतो. आपल्या प्रत्येक अंतःकर्णात ध्वनी टिपणाऱ्या सुमारे १५ हजार सूक्ष्म केसयुक्त पेशी असतात. त्या एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत.

याहून कमी माहीत असलेली गोष्ट अशी की कायद्याचे मापक जे मोजते ते कान ऐकतो ते, छाती सोसते ते नव्हे. मानवी कानाला खर्जातील ध्वनी कमी ऐकू येतात. म्हणून ‘ए’ पद्धतीच्या मापनात ते कमी धरले जातात. ५० हर्ट्झच्या ध्वनीत या पद्धतीने सुमारे ३० डेसिबलची वजावट होते. आणि डीजेचा सारा जोर तर याच खर्जावर! ५० हर्ट्झच्या ध्वनिलहरीची लांबी जवळजवळ सात मीटर असते. एवढ्या लांब लहरीला घराची भिंत अडवू शकत नाही. टॉपचा कर्कश आवाज भिंतीबाहेर बराचसा राहतो, बेसचा ठोका मात्र आत शिरतो. दाराची कडी वाजते, मांडणीवरचे पेले किणकिणतात, खाटेवरच्या म्हाताऱ्या माणसाला छातीत कोणी बुक्क्या मारल्यासारखे होते. तक्रार करणारा म्हणतो, जीव घाबरा होतो. आणि मापकावरचा आकडा ते पुरतेपणी सांगतच नाही. दोघेही खोटे बोलत नसतात. पण तक्रार मात्र त्या दोघांच्या मधल्या जागेत हरवते.

प्रश्न संमतीचा

येथे बर्लिनचा दाखला देणाऱ्यांनी एक भेद ध्यानात घ्यावा. तेथील तळघरात जो उतरतो तो आपल्या पायांनी, तिकीट काढून उतरतो. नको झाले की जिना चढून बाहेर येतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये अशा ठिकाणांसाठी मानक सुचविले: पंधरा मिनिटांची सरासरी १०० डेसिबलपुढे जाऊ नये, कानात घालावयाचे बोळे उपलब्ध असावेत, शांत जागा असावी. आपल्याकडे उलट आहे. येथे श्रोता आवाजाकडे जात नाही, आवाज श्रोत्याच्या घरी येतो. चौकातील मुलगा नाचायला आला आहे. चौकालगतच्या घरातील बाळंतीण, हृदयविकाराचा रुग्ण, फेब्रुवारी-मार्चच्या लग्नसराईत दहावी-बारावीचा अभ्यास करणारी मुलगी, अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा मुलगा, यांपैकी कोणी तिकीट काढलेले नाही. त्यांना जिनाही नाही.

कायदा याच बाजूला उभा आहे. ध्वनिप्रदूषण नियम २००० साली झाले. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकास मनाई. वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस राज्य शासनाला मध्यरात्रीपर्यंत सवलत देण्याची मुभा. इस्पितळे, शाळा, न्यायालये यांच्याभोवती किमान शंभर मीटर शांतता क्षेत्र जाहीर करण्याची तरतूद. ध्वनिक्षेपकाच्या जागेच्या सीमेवर कोणत्याही स्थितीत ७५ डेसिबलहून अधिक आवाज नको. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की इतरांची शांती भंग करून प्रार्थना करा, असे कोणताही धर्म सांगत नाही. १८ जुलै २००५ रोजी त्या न्यायालयाने विस्तृत निकाल दिला. मनाविरुद्ध ऐकविले जाणे हा जगण्याच्या हक्कावरील आघात आहे, असे त्याचे सार आहे. ठाण्याचे डॉ. महेश बेडेकर यांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१६ मध्ये या नियमांच्या अंमलबजावणीचे सविस्तर आदेश दिले. २०१८ च्या गणेशोत्सवात ध्वनियंत्रणा व्यावसायिक न्यायालयात गेले, तेव्हाही त्यांना दिलासा मिळाला नाही. म्हणजे नियमांची वाण नाही. वाण आहे ती मिरवणुकीपुढे उभे राहून ‘पुरे’ म्हणणाऱ्याची. आणि जयंती किंवा उत्सव आपल्याच माणसांचा असेल तर त्या दिवशी आपण सर्वच बहिरे होतो. दुसऱ्याच्या मिरवणुकीचा आवाज तेवढा आपल्याला ऐकू येतो. कोणत्याही समाजाला यातून वगळता येणार नाही.

आपल्याच घरचा दाखला

सामूहिक तल्लीनतेची ही भूक काही डीजेने निर्माण केलेली नाही. ती जुनी आहे आणि तिला अन्न घालण्याची रीत याच जिल्ह्याला ठाऊक आहे. शेगावहून आषाढीसाठी श्री गजानन महाराजांची पालखी पंढरपुरास निघते. शेकडो वारकरी, पांढरा वेष, हाती टाळ, गळ्यात मृदंग, दुतर्फा सरळ ओळी. भजनी ठेका संथ सुरू होतो, हळूहळू चढतो, द्रुत होतो, पावली पडू लागते, आणि एका उंचीवर नेऊन तो पुन्हा जमिनीवर आणून ठेवतो. मला डीजेपुढे जे घडताना दिसले, त्याची घडण याहून फार निराळी नव्हती. चढत जाणारी लय, एकाच वेळी पडणारी पावले, ‘मी’ विसरण्याचा क्षण, हे सारे तेथेही होते. आमच्या मुलांना नाचावेसे वाटते यात विकृती नाही.

फरक आहे तो मापाचा. मृदंगाचा आवाज वाजविणाऱ्याच्या हाताच्या बळाएवढाच निघतो. हात थकतात, म्हणून त्याला विश्रांती असते. जनरेटरला हात नाहीत, तो थकत नाही. मानवी बळाची ही नैसर्गिक मर्यादा सुटली, तेव्हा तिच्या जागी विवेकाची मर्यादा घालणे आवश्यक होते. ती घालण्याचे आपण विसरलो.

काय करता येईल?

निव्वळ बंदीचा आग्रह मी आता धरणार नाही. बंदी आली की गाडी दुसऱ्या तालुक्यात जाते आणि हप्ता मात्र तेथेच राहतो. त्यापेक्षा काही साध्या गोष्टी करण्यासारख्या आहेत. नाचायचे त्यांनी नाचावे, पण वस्तीपासून दूर, मोकळ्या मैदानात, ठरलेल्या वेळेत. रस्त्यावरील मिरवणूक ढोल-ताशा, लेझीम, भजन यांच्यावर चालावी आणि वादकांना सन्मानाने मानधन व पहिल्या पंगतीचे पान मिळावे. मंडळाने सुपारी देतानाच आवाजाची मर्यादा लिहून द्यावी, म्हणजे ती पाळणाऱ्याचे पुढच्या वर्षी नुकसान होणार नाही. मोजणी करताना खर्जाचीही नोंद व्हावी. गाडीवर काम करणाऱ्यांच्या कानांची वर्षातून एकदा तपासणी व्हावी. आणि शाळांतून ‘ध्वनी’ हा धडा शिकविताना डेसिबलची व्याख्या फळ्यावर लिहून न थांबता, गावच्या मिरवणुकीचे उदाहरण घ्यावे. मुले ते विसरणार नाहीत.

शेवटच्या दोन सूचना मला कशा सुचल्या ते सांगून हा लेख संपवितो. दिवाळीनंतर तो विद्यार्थी माझ्याकडे कागदपत्रांवर सही घेण्यासाठी आला होता. दुपारची वेळ, ओसरीवर कोणी नाही, रस्ता शांत. “चहा घेशील ना?” मी विचारले. त्याने मान पुढे केली. “काय म्हणता सर?” मी पुन्हा विचारले. तो हसला आणि खुर्ची जवळ ओढून बसला. त्याचे वय सव्वीस आहे.

पुढच्या आठवड्यात आम्ही दोघे कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी दोघांचे आलेख काढले. वयोमानाप्रमाणे माझी रेघ हळूहळू उतरत जाते. त्याची रेघ बरीचशी सरळ जाते आणि ४,००० हर्ट्झच्या जवळ एकदम खड्ड्यात पडते. मोठ्या आवाजाने झालेल्या इजेची ही खूण आहे, असे डॉक्टरांनी समजावून सांगितले. ‘स’, ‘श’ यांसारखे वर्ण म्हणूनच त्याच्या हातून निसटतात. त्याने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, “हंगाम संपल्यावर आराम देला तर भरून येईन काय?” डॉक्टरांनी नकारार्थी मान हलविली. आहे ते जपता येईल, एवढेच ते म्हणाले.

चौथे पत्र मी लिहिलेले नाही. येत्या चतुर्दशीला तो गाडी काढणारच आहे. हप्ते बाकी आहेत. मीही जाणार आहे. या वेळी त्याच्या मागे उभा राहीन, कानांत बोळे घालून. आणि त्याच्याही कानांत ते आहेत ना, हे पाहण्यासाठी.